किडनीचा आजार आणि ताटातली डाळ

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. सासऱ्यांचं वय ६४, मधुमेह जुना. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन २.४ निघालं आणि ‘प्रोटीन कमी करा’ एवढंच सांगून त्यांना घरी पाठवलं. घरात डाळ, उसळ, दूध, अंडी, मटण सगळं बंद झालं. पेज, भात, भाकरी, दोडका-दुधीची भाजी आणि आमटीचं वरचं पाणी, एवढ्यावर माणूस आहे. आता क्रिएटिनिन २.२ आलंय, पण वजन ६१ किलोवरून ५६ वर गेलंय, बसलेले उठताना हाताचा आधार लागतो. पोटॅशियम ४.८, रक्तातलं प्रोटीन म्हणजे अल्ब्युमिन ३.३. पाहुणे म्हणतात हुलग्याचं माडगं द्या, मेडिकलवाला म्हणतो प्रोटीनचा डबा न्या. सासूबाई माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा मागच्या पडवीत वेगळ्या भांड्यात शिजतं. काय द्यावं, किती द्यावं, आणि एकादशीचं काय करावं?

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. डाळ उद्यापासून सुरू करा. अंडं सुरू करा. हुलग्याचं माडगं औषध म्हणून नको आणि डबाही नको. आणि २.४ चं २.२ झालं म्हणून समाधान मानू नका. तुम्ही सासऱ्यांना मामा म्हणता असं लिहिलंय, मीही तसंच म्हणते.

क्रिएटिनिन उतरल्याची गोष्ट आधी घेते, कारण बेळगाव, निपाणी, चिकोडी, चंदगड इकडून येणाऱ्या कुटुंबांत हा गैरसमज मला सारखा भेटतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. अंगात मांस जितकं, तितकं ते रोज रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. रिपोर्टमधला आकडा दोन कारणांनी उतरतो: किडनी जास्त टाकायला लागली म्हणून, किंवा मुळात तयारच कमी व्हायला लागलं म्हणून. चार महिन्यांत पाच किलो वजन गेलं आणि खुर्चीतून उठायला हात टेकावा लागतो, म्हणजे मांडीचं मांस गेलंय. शिवाय शिजवलेल्या मटणातूनही थोडं क्रिएटिनिन रक्तात येतं, तेही बंद झालं. तेव्हा हा उतार किडनी सुधारल्याचा नसून माणूस झडल्याचा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

गोंधळ वाढतो तो ईजीएफआरमुळे, म्हणजे किडनी किती गाळते याच्या अंदाजामुळे. हा आकडा वय, लिंग आणि क्रिएटिनिन या तिन्हींवरून गणित करून काढतात, वजन किंवा स्नायू त्यात धरलेले नसतात. ६४ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन २.४ असेल तर ईजीएफआर साधारण २९ येतो, म्हणजे आजाराच्या पाच टप्प्यांतला चौथा टप्पा. २.२ झालं की तो ३२-३३ दिसतो, म्हणजे कागदावर माणूस तिसऱ्या टप्प्यात आला. घरात आनंद होतो आणि पथ्य आणखी कडक होतं. पुढच्या वेळी शक्य असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे खरं चित्र कळायला मदत होते. ते नाही जमलं तर महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. पायाला सूज असेल तर तीही लिहा, कारण सुजेचं पाणी वजन फुगवतं आणि खाली मांस किती गेलंय ते झाकतं.

आता प्रोटीन कमी करायला सांगतात ते का? प्रोटीन पचलं की युरिया, आम्ल, फॉस्फरस हे मागे राहतं आणि ते बाहेर काढणं किडनीचं काम. दुसरं असं की जेवणात प्रोटीन फार झालं की किडनीतल्या बारीक गाळण्यांमध्ये रक्ताचा दाब वाढतो. निरोगी किडनी तो झेलते. ज्या किडनीतल्या बऱ्याच गाळण्या आधीच निकामी आहेत, तिथे उरलेल्यांवर तो ताण रोज पडतो. ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे मांडलं आणि तिथून कमी प्रोटीनच्या आहाराला जोर आला. पण जेव्हा माणसांवर नीट तपासलं, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एमडीआरडी अभ्यासात ८४० रुग्णांवर, तेव्हा फायदा अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान निघाला. मधल्या टप्प्याच्या रुग्णांत दिवसाला किलोमागे १.३ ग्रॅम खाणारे आणि ०.५८ ग्रॅम खाणारे यांच्यात किडनी ढासळण्याचा वेग स्पष्टपणे वेगळा दिसला नाही. म्हणून आज सल्ला बराच मवाळ आहे. केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या, डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांसाठी किलोमागे ०.८ ग्रॅम हा आकडा आहे, आणि किडनी ढासळण्याचा धोका असलेल्यांनी १.३ च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. वय झालेला, अशक्त, मांस झडलेला रुग्ण असेल तर त्याहून जास्त प्रोटीन आणि जास्त उष्मांकाचा विचार करा, असंही त्यातच आहे. अमेरिकेतल्या केडोकी या गटाचा २०२० चा सल्ला थोडा कडक आहे. मधुमेह नसलेल्यांना ०.५५ ते ०.६, मधुमेह असलेल्यांना ०.६ ते ०.८. पण तोही स्थिर प्रकृतीच्या, आहारतज्ज्ञाच्या नजरेखालच्या माणसासाठी आहे. मामा आज त्यात बसत नाहीत.

या सगळ्याच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआर-एनआयएन) २०२० मध्ये निरोगी भारतीय प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सुचवलंय. म्हणजे किडनीच्या रुग्णाला सांगितलेलं ‘कमी प्रोटीन’ हे धडधाकट माणसाच्या गरजेइतकंच आहे. कमी करायचं ते कुणी? जो रोज मटण-चिकन-अंडी मिळून शंभर ग्रॅम प्रोटीन खातो त्याने, किंवा जिमच्या पावडरी घेणाऱ्याने. आपल्याकडच्या भात-आमटी-भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं मुळात पन्नासच्या आसपास असतं. त्यातून डाळ काढली की तो उपासमारीकडे जातो.

मामांचं गणित असं. नेहमीचं वजन ६० किलो धरते, घटलेलं ५६ धरत नाही. ६० गुणिले ०.८, म्हणजे ४८ ग्रॅम. रोज पंचेचाळीस ते पन्नासच्या मध्ये. आता हे ताटात बघा. सकाळ-संध्याकाळचा दुधाचा चहा, दोन्ही मिळून अर्धा कप दूध: साडेतीन ग्रॅम. न्याहारीला पोहे, कच्चे ४० ग्रॅम: तीन. सोबत एक उकडलेलं अंडं: सहा. दुपारी जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या: दहा. घट्ट आमटी, तीस ग्रॅमला थोडी कमी तूरडाळ: सहा. भाजी दोन, मूठभर भात दोन. रात्री एक भाकरी पाच, साठ ग्रॅम तांदळाचा भात साडेचार, अर्धी वाटी दही अडीच, भाजी दोन. बेरीज ४६.५, म्हणजे जवळजवळ ४७.

यातला अर्ध्याहून जास्त वाटा भाकरी, भात आणि पोह्यांचा आहे. त्याला कुणी प्रोटीन म्हणत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही. जोंधळ्यात शंभराला दहा ग्रॅम प्रोटीन असतं. उलट, एक वाटी डाळ म्हणजे केवढं तरी प्रोटीन असं वाटतं, तर ते सहा-सात ग्रॅम. म्हणून डाळ काढून भाकरी दुप्पट केली तर प्रोटीन घटत नाही, फक्त त्याचा दर्जा घसरतो. जोंधळ्यात आणि गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. भाकरीसोबत आमटी, भातासोबत वरण ही जोडी शरीराला पूर्ण प्रोटीन देते. जोडीतला एक मोडला की खाल्लेलं प्रोटीन नीट वापरलं जात नाही आणि त्याचाही युरियाच होतो.

आणि आता त्या वरच्या पाण्याबद्दल. मामांना डाळ नको म्हणून आमटीचं वरचं पातळ पाणी देतो, असं तुम्ही लिहिलंय. हे तुमच्या एकट्यांच्या घरात होत नाही. मी माणसांना घरची वाटी आणि घरचा पळीभर नमुना घेऊन यायला सांगते तेव्हा रुग्णाच्या डब्यात बहुतेक वेळा असंच पाणी असतं. वर फोडणीचा तवंग, तळाला डाळीचे दहा-बारा दाणे. डाळीतलं प्रोटीन दाण्यात राहतं. पाण्यात उतरतं ते पोटॅशियम, आणि वरून घातलेलं मीठ तर सगळं पाण्यातच. म्हणजे मामांना आपण डाळीतलं हवं ते काढून नको ते वाढतोय. नेमकं उलट करा. डाळ धुऊन दोन-तीन तास भिजवा, ते पाणी टाकून द्या. भरपूर पाण्यात शिजवा. पोटॅशियम वाढलेलं असेल तर शिजवलेलं पाणीही वरून ओतून टाका आणि मग डाळ घोटून घट्ट आमटी करा, चिंच-गूळ नावाला, मीठ मोजून. पोळ्यांच्या दिवशी पुरणाच्या हरभराडाळीचा जो कट निघतो त्याची आमटी मामांनी खाऊ नये. त्यात डाळीचं पोटॅशियम उतरलेलं असतं. त्यापेक्षा त्यांनी अर्धी पोळी खावी, साखरेचा हिशेब ठेवून.

मात्र पोटॅशियम आज ४.८ आहे, म्हणजे मर्यादेत. त्यामुळे सगळ्या भाज्या चिरून उकळून पाणी टाकण्याची गरज आज नाही. ज्याचं पोटॅशियम साडेपाचच्या पुढे आहे त्याने ते करावं. आज पालेभाजी बंद, उद्या फळ बंद, परवा टोमॅटो बंद असं करत गेलं की जेवणाची इच्छाच मरते. एक फळ मात्र कुठल्याही टप्प्यात वर्ज्य: करंबळ, पाच कडांचं आंबट फळ, काही जण कमरख म्हणतात. किडनी अधू असताना त्यातलं विष मेंदूपर्यंत जातं. न थांबणारी उचकी लागते, माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. गोव्याकडून, कारवारकडून पाहुण्यांनी पिशवीतून आणलं तरी मामांना देऊ नका.

उष्मांकाचं सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. मामांना दिवसाला साधारण १८०० कॅलरी हव्यात, किलोमागे तीस धरून. पेज आणि दोडक्याच्या भाजीवर त्या अर्ध्याही भरत नसतील. सरपण संपल्यावर चुलीत घराची चौकट घालावी, तसं शरीर मग स्वतःचं मांस जाळतं, आणि त्या जळण्यातूनही युरिया निघतो. म्हणून प्रोटीन मोजायच्या आधी पोट भरतंय का ते बघा. भाकरीवर चमचाभर तेल किंवा तूप, फोडणीत तेल थोडं सैल, भात पातळ पेजेऐवजी मोकळा. मधुमेह आहे म्हणून साखर-गूळ वाढवता येत नाही, पण तेलातून कॅलरी वाढवता येतात आणि त्यात ना प्रोटीन, ना पोटॅशियम, ना फॉस्फरस. ‘म्हाताऱ्याला तेलकट नको’ हे थोडं बाजूला ठेवा.

आता प्रोटीन कुठलं. अंडं सगळ्यात सोपं आणि स्वस्त. फॉस्फरस वाढलेला असेल तर पिवळं बाजूला ठेवून दोन अंड्यांचं पांढरं खावं, त्यात सात ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस नगण्य. मामांना आज एक अख्खं अंडं चालेल. सासूबाईंची अडचण समजू शकते. अंडी उकडूनच घ्यायची, फोडून भाजायची नाहीत, म्हणजे वास घरभर होत नाही आणि भांडंही लहान लागतं. तेही नको असेल तर त्याऐवजी चाळीस ग्रॅमला थोडं कमी पनीर, घरी दूध फाडून केलेलं, बिनमिठाचं. किंवा सोयाबीनच्या वड्या. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून आठ-दहा वड्यांच्या पुढे नको आणि त्या दिवशी अंडं-पनीर दोन्ही नको. माळकरी, लिंगायत, जैन घरांमध्ये मी सोया आवर्जून सुचवते, कारण वनस्पतीतलं असूनही ते पूर्ण प्रोटीन आहे.

वनस्पतीचं बरं की प्राण्याचं, हा वाद इंटरनेटवर फार चालतो. माझं मत असं की वनस्पतीकडे झुकतं माप द्यावं, पण बंदी कशावरही घालू नये. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि माणसाच्या आतड्याला तो पूर्ण सोडवता येत नाही. मटण-दुधातला जास्त शोषला जातो, आणि कोला, डबाबंद मांस, बेकरीच्या पदार्थांत मिसळलेला जवळजवळ सगळा. २०११ मध्ये एका छोट्या अभ्यासात तेच रुग्ण आलटून पालटून शाकाहार आणि मांसाहारावर ठेवले तेव्हा शाकाहारात रक्तातला फॉस्फरस कमी आला. रुग्ण नऊच होते, पण दिशा नंतरच्या अनुभवाशी जुळते. डाळ-भाज्यांनी रक्तातलं आम्लही कमी राहतं, आणि आम्ल वाढलं की मांस झडतं. म्हणून रक्तातलं आम्ल वाढलंय का ते सांगणारी बायकार्बोनेटची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्या.

रविवारी चुलतभावाकडे मटण असतं, ते चालेल का? चालेल. हाड सोडून साठ ग्रॅम, म्हणजे सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या तीन-चार फोडी: साधारण बारा ग्रॅम प्रोटीन. त्या दिवशी अंडं आणि दुपारची डाळ वगळा, हिशेब बसतो. रस्सा मात्र वाटीभर नको, तांबडा नाही आणि पांढराही नाही. वाट्याच्या वाट्या रस्सा ओरपायची आपली पद्धत किडनीला सगळ्यात जड जाते, कारण मीठ आणि मटणातलं पोटॅशियम रश्श्यात असतं. फोडी खा, रस्सा भाकरी बुडवण्यापुरता. पायाचं सूप ताकद येते म्हणून देतात, त्यात मीठ आणि चरबी जास्त आणि प्रोटीन हलक्या प्रतीचं. मासा उत्तम, कारवार-गोव्याकडून येणारा बांगडा, सुरमईची एक तुकडी, तळून किंवा तव्यावर. खारा बांगडा, सुकट, जवळा नको, मिठात मुरलेलं असतं.

शेंगदाण्याकडे बघा. आपल्या भागात प्रत्येक भाजीत कूट आणि ताटात शेंगाची किंवा कारळ्याची चटणी. दोन मोठे चमचे कूट, वीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅम प्रोटीन, जवळजवळ एका अंड्याइतकं, आणि सोबत बराच फॉस्फरस. बंद करा असं म्हणत नाही. भाजीत एक चमचा ठेवा, चटणी आठवड्यातून दोनदा. दुधाचं तसंच: चहा आणि अर्धी वाटी दही पुरे. कुंदा, पेढा, खवा म्हणजे आटवलेलं दूध, फॉस्फरस आणि साखर दोन्ही आटून आलेली, तेव्हा सणापुरता एक घास.

हुलग्याचं माडगं. आपल्याकडे किडनी म्हटलं की हुलगा आठवतो, कारण मुतखड्यावर तो देण्याची जुनी पद्धत आहे. मामांना मुतखडा नाही. त्यांच्या किडनीच्या गाळण्या मधुमेहाने खराब झाल्यात, तिथे हुलगा काहीही विरघळवत नाही. वाटीभर उसळ डाळीच्या जागी आवडीने खाल्ली तर हरकत नाही, बाकी कडधान्यांसारखीच ती मोजा. रोज सकाळी उपाशीपोटी तांब्याभर माडगं म्हणून नको. झाडपाल्याच्या पुड्या, भस्मं आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या याबाबत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. त्या बंदच.

प्रोटीनच्या डब्यातल्या एका मापात वीस ते पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं. मामांचा अर्धा दिवस एका पेल्यात संपतो आणि भाकरी-डाळीची भूक मरते. डायलिसिसच्या ज्या रुग्णांना जेवण जात नाही त्यांच्यासाठी वेगळ्या पावडरी असतात, त्या डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ लिहून देतात. किटो अ‍ॅनालॉगच्या गोळ्यांबद्दलही अनेक जण विचारतात. त्या गोळ्या प्रोटीन किलोमागे ०.३-०.४ पर्यंत खाली आणलेल्या माणसाला, कडक देखरेखीखाली, कमतरता भरून काढायला देतात. पूर्ण जेवण चालू ठेवून वरून त्या खाण्यात खर्च आहे, फारसा फायदा नाही. वजन उतरत असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

लघवीतून प्रोटीन जातं, म्हणून ते भरून काढायला जास्त खाऊ घालावं, असंही काहींना वाटतं. जास्त खाल्लं तर गाळण्यांवरचा दाब वाढतो आणि गळतीही वाढू शकते. ती गळती कमी करतात औषधं. रक्तदाबाच्या त्या ठरावीक गोळ्या आणि मधुमेहातल्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या, डॉक्टरांना योग्य वाटतील तशा. मी आहाराच्या सल्ल्यावर पोट भरणारी बाई असूनही सांगते, किडनी टिकवायला या गोळ्या आणि ताब्यात ठेवलेला रक्तदाब हे ताटापेक्षा जास्त करतात. ताटाचं काम माणूस उभा ठेवण्याचं.

ताटातली किडनीला सगळ्यात घातक वस्तू कुठली असं विचाराल तर मी मीठ म्हणेन, डाळ नाही. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, सपाट एक चहाचा चमचा. आपली भाकरी बिनमिठाची असते ही जमेची बाजू. पण तिच्यासोबत खर्डा, लोणचं, सांडगी मिरची, पापड येतो, आणि चहासोबत खारी नाहीतर बटर. मामांचं दिवसाचं मीठ सकाळी एका डबीत काढून ठेवा, त्यांच्या भाजीत-आमटीत त्यातलंच घाला. घरच्यांच्या आमटीत मीठ घालण्याआधी त्यांची वाटी वेगळी काढली की झालं. सैंधवात सोडियम तितकंच असतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते या आजारात धोक्याचं.

तालुक्याच्या ठिकाणी हातात पडणारा छापील तक्ता मी अनेकदा पाहिलाय. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, इडली-सांबार आणि नाचणीच्या ‘मुद्दे’चा, म्हणजे पिठाच्या शिजवलेल्या गोळ्यांचा. घरात मराठी बोलणारी आजी तो कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घेते आणि त्यातलं तिच्या चुलीवर होणारं काही नसतं, मग ‘वर्ज्य’ची यादी तेवढी पाळली जाते. ज्यांच्याकडे असा तक्ता आहे त्यांनी आपली भाकरी, आपला तांदूळ, आपली वाटी घेऊन आहारतज्ज्ञाकडे बसावं आणि त्यावर ग्रॅम लिहून घ्यावेत. प्रत्यक्ष किती प्रोटीन खाल्लं जातंय ते चोवीस तासांच्या लघवीतल्या युरियावरूनही काढता येतं. डॉक्टरांना विचारून ती तपासणी दोन महिन्यांनी करा.

एक इशारा लगेचचा. खाणं निम्म्यावर आलंय आणि साखरेच्या गोळ्या जुन्याच चालू आहेत का? किडनी अधू झाली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात. पहाटे घाम, थरथर, बडबड असं काही होत असेल तर साखर तपासा, ती खाली गेलेली असू शकते. ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन साधारणपणे थांबवतात. मामांच्या चिठ्ठीत ते आहे का बघा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. आहार वाढवतानाही त्यांना कळवा, म्हणजे डोस जुळवता येईल.

आणि हे पुढच्यासाठी लिहून ठेवा, आज लागू नाही: कधी डायलिसिस सुरू झालंच तर हा हिशेब उलटतो. तिथे किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम लागतं, कारण प्रत्येक वेळी अमिनो आम्लं मशीनमधून निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर रोज प्रोटीनच जातं. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला येणारी आणि घरी अजून ‘किडनीचं पथ्य’ म्हणून पेजेवर असलेली माणसं बघून मला फार वाईट वाटतं. ती आजारापेक्षा कुपोषणाने खचतात.

राहिली सासूबाईंची एकादशी. त्यांनी स्वतःची खुशाल धरावी. मामांनी धरलीच तर निर्जळी नको आणि साबुदाण्याची खिचडीही मुख्य जेवण म्हणून नको. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं, साखर झपाट्याने वाढवतो, आणि वर बटाटा, कूट, खजूर, रताळं आलं की पोटॅशियम एका दिवसात चढतं. वरीचा भात, चमचाभर कुटाची आमटी, वाटीभर दही, तूप, काकडी, एखादं सफरचंद एवढ्यावर दिवस निघतो. बटाटा हवाच असेल तर साल काढून, चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी टाकून. उपवासाला म्हणून घेतलेलं सैंधवही त्याच डबीतून. त्या दिवशी साखरेच्या गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि द्वादशीला सकाळी पहिल्यांदा घट्ट वरण-भात वाढा.